पाय लागला म्हणून

आमच्या नयनचं पदक मी खाल्लं. कळंबात हे कोणाले सांगतलं तं लोक हासतात. म्हणतात, नानाजी, तुम्ही तं लेकाले घडवलं, तुम्ही कायले खाता? घडवलं! हा शब्द ऐकला की मले दुकानाचं शटर खाली ओढून घरी जावं वाटते. पण समोर गिऱ्हाईक असते, त्याच्या छातीभोवती माहा टेप असते, म्हणून मी गप राह्यतो.

मी टेलर. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौतीस वर्षांपासून माहं दुकान आहे. माहं डोकं गरम, हे सांगाची गरज नाही. बाया ब्लाऊज टाकाले येतात तं आधी शेजारी अक्षयच्या पानठेल्यावर विचारतात, नानाजीचा मूड कसा आहे म्हणून. हाताले सफाई आहे म्हणून येतात, नाही तं माह्या तोंडाकडे पाहून कुत्रंही आलं नसतं.

आमच्या घरात एक गोष्ट मी कधीच खपवून घेतली नाही. पाय लागणं. कात्रीले लागो, कापडाले लागो, पुस्तकाले लागो, सुपातल्या दाण्याले लागो का माणसाले लागो. लागला की वाकाचं, हात लावाचा अन् तो कपाळाले लावाचा. हे काही मी शोधून काढलं नाही, घरोघरी आहे. पण घरोघरी पोरं विसरली तं मोठी माणसं सोडून देतात, मी सोडत नव्हतो. आता विचार करतो तं वाटते, दिवसभर पायडल मारून खाणारा माणूस मी, पायाच्या बाबतीत जरा जास्तच हळवा असन. का नुसताच खवीस असन, कोण जाणे.

नयन नऊ वर्षांचा होता तवाची गोष्ट. दुपारी माहा बाप ओसरीत सतरंजीवर पडला होता. पोट्टं शाळेतून पळतच आलं. चालणं त्याले माहीतच नव्हतं. बुढ्याच्या वरून त्यानं उडी मारली अन् जाता जाता त्याचा पाय बुढ्याच्या डोक्याले लागला. पण थांबलं नाही, सरळ माठापाशी पाणी प्याले गेलं. झालं! माह्या हातात लाकडी गज होता, कापड मोजाचा. मी त्याले माठापासून ओढत आणलं अन् पिंढऱ्यांवर गज चालवला. माहा बाप उठून बसला, म्हणे, "अरे मारू नको नाना, मले लागलं नाही." शकुबाई, म्हणजे माही बायको, चुलीवरचा तवा सोडून मधात आली, तं एक तिच्या हातावर बसला. मी ऐकतो काय?

मारून झालं तं मी त्याले आबाजवळ उभं केलं. म्हणलं, आता आबाले हळूच पाय लाव. वाक. हात लाव. कपाळाले लाव. एक. पुन्हा. दोन. पन्नास वेळा करून घेतलं. बारा-तेरा झाले तवा त्याचं रडणं थांबलं. तीस झाले तवा पाय टेकते न टेकते तोच हात खाली जाऊन राह्यला होता. मी म्हणलं, "हां, असं! विचार कराची गरजच नाही पडली पाह्यजे." माहा बाप ते पन्नास नमस्कार होतपर्यंत मान खाली घालून बसला होता. मंग संध्याकाळी तो जेवला नाही.

मंग हाच पोरगा खरोखरचा पळाले लागला. सकाळी अंधारात उठे अन् यवतमाळ रोडनं जाऊन येये. शाळेतल्या सरांनी त्याले जिल्ह्याच्या स्पर्धेले नेलं, तिथून नागपूर, अन् तिथून सैन्यात भरती झाली. सैन्यानं त्याले बंदुकीपेक्षा पळाच्याच कामाले जास्त लावलं. पंधराशे मीटर त्याचा प्रकार. म्हणजे मैदानाचे पावणेचार फेरे. एकदा सुट्टीत आलता तवा त्यानं आईले समजावून सांगतलं, "शंभर मीटरवाला जीव खाऊन पळते, मॅरेथॉनवाला जीव राखून पळते. आमाले दोन्ही करा लागते." मी मशीनवर बसून ऐकून राह्यलो होतो. मले त्यानं कधी असं काही समजावलं नाही. माह्याशी दोन वाक्यं बोले, तिसऱ्याले उठून जाये. मी म्हणो, बापाचा धाक आहे, चांगलं आहे.

अकरा वर्षं पळाला तो. देशातली पदकं घरी लोखंडी कपाटात आहेत, डब्बाभर. पण बाहेरच्या देशातलं एकही नाही. दोनदा गेला, एकदा आठवा आला, एकदा सहावा. त्यात मागच्या वर्षी टाचेच्या वरची नस फाटली अन् ऑपरेशन झालं. डॉक्टरनं साफ सांगतलं, एक मोसम पळून घे, त्याच्यापुढची गॅरंटी माही नाही. वय अठ्ठावीस. म्हणजे यंदाची आशियाई स्पर्धा हा त्याचा अखेरचा डाव होता. जाच्या आधी आईले फोनवर म्हणे, "आई, तिसरा आलो तरी चालते मले. त्या तीन पायऱ्यांवर एकदा उभं राहाचं आहे, बस." शकुबाईनं तवापासून रोज चिंतामणीले दुर्वा वाह्यल्या.

फायनलच्या दिवशी तिकडे संध्याकाळ होती, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. माही पोरगी अपेक्षा यवतमाळले नर्सिंग शिकते, ती मुद्दाम आली अन् तिनं दुकानातल्या टीव्हीले मोबाईल जोडून देला. शकुबाई येऊन बसली, अक्षय ठेला सोडून आला. दोन गिऱ्हाईकं होती, तीही थांबली. मी हातातली पँट खाली ठेवली नाही. म्हणलं, उगाच कायले तमाशा, हेम घालता घालता पाहू.

बारा जण होते. पहिले दोन फेरे काहीच झालं नाही, सगळे एका गठ्ठ्यात. नयन गठ्ठ्याच्या मधात, मान सरळ, खांदे सैल. मले पळणं समजत नाही, पण अंगावर कपडा कसा बसला ते समजते. त्या दिवशी त्याचं अंग त्याले बरोबर बसलं होतं, कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही. शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजली तवा तो पाचवा होता. दोनशे मीटर राह्यले तवा तिसरा. तिसरा! शकुबाई उभी झाली. अक्षय ओरडला, "नानाजी, पाहा ना, खाली काय पाहून राह्यले!" मी पँट बाजूले टाकली.

नयनच्या पुढं निळ्या बनियनवाला होता, दुसऱ्या नंबरावर. त्याचा पाय त्याच्याच पायात अडकला अन् तो नयनच्या समोर सपशेल आडवा झाला. नयननं उडी मारली. बरोबर मारली, पुरा वरून गेला, म्हणजे आता तोच दुसरा झाला. पण जाता जाता मागच्या पायाचं टोक निळ्याच्या डोक्याले लागलं.

अन् माहा हात कपाळाकडे गेला. दुकानात बसल्या बसल्या! त्याचा पाय लागला अन् इथं माहा हात उठला. दुकानात बाकी कोणाले काही समजलंच नव्हतं, ते ओरडून राह्यले होते, दुसरा, दुसरा म्हणून. मले समजलं. मी म्हणलं, नको रे.

दोन पावलं पुढं जाऊन तो थबकला. अर्धा मागं वळला, वाकला, हात त्या पडलेल्याकडे खाली नेला अन् कपाळाले लावला. किती वेळ गेला? पुरा सेकंदही नसन. पण तेवढ्यात बाजूनं चार जण सरसर निघून गेले. मंग त्याले एकदम जाग आली. मी त्याचं तोंड पाह्यलं टीव्हीवर, झोपेतून कोणी हालवून उठवलं तसं होतं ते. तिथून तो असा पळाला, असा पळाला, की टीव्हीवरचा इंग्रजी बोलणारा माणूसही किंचाळाले लागला. एकाले गाठलं, दुसऱ्याले गाठलं, रेषेवर तिसऱ्याच्या खांद्याले खांदा. मी उभा राहून, "पळ बे! पळ!" म्हणून बोंबलत होतो. जन्मात पहिल्यांदा.

चौथा आला. नऊ शतांश सेकंदानं. तेवढ्यात सुईत दोराही ओवून होत नाही. रेषेच्या पलीकडे तो टाच धरून खाली बसला तो उठलाच नाही, दोघांनी धरून नेला. एकदम थांबला अन् एकदम सुटला, त्यात ती शिवलेली नस पुन्हा फाटली होती. तोंडाशी आलेला घास गेला अन् तोंडही गेलं. शकुबाई कपड्याच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती. तिनं माह्याकडे एकदाच पाह्यलं.

सैन्यातल्या कोचसाहेबांनी त्याले अकरा वर्षं पळाले शिकवलं. मी एका दुपारी वाकाले शिकवलं. माहंच शिकवणं जास्त पक्कं निघालं.

इथपर्यंत झालं ते झालं. म्हणता येते, बापानं शिस्त लावली, नशीब आडवं आलं. पण मी खरी माती खाल्ली ती त्याच्यानंतर.

दुसऱ्या दिवशी ते वाकणं साऱ्या देशाच्या मोबाईलवर फिराले लागलं. लोकाईनं लिहिलं, पदक हरला पण मनं जिंकली. कोणी लिहिलं, हे आपले संस्कार, जगानं शिकावं. मंग माईक घेऊन पत्रकार आले माह्या दुकानात. एक नाही, चार. म्हणे, नानाजी, असा मुलगा कसा घडवला? आता मी काय म्हणाले पाह्यजे होतं? गजानं मारून, हे. पण माईक समोर आला, रस्त्यावर गर्दी जमली, अन् चौतीस वर्षांत ज्याले कोणी ब्लाऊजच्या बाहीपलीकडे काही विचारलं नाही, त्या माणसाची छाती फुगली. मी म्हणलं, "वळणाचं पाणी वळणालेच जाते. आम्ही पोराले पदकापेक्षा मोठं काही देलं आहे." पदकापेक्षा मोठं! त्याची टाच तिकडे परदेशातल्या दवाखान्यात बर्फात होती, अन् बाप इकडे कॅमेऱ्यात पाहून मिशीवर हात फिरवत होता.

पत्रकार गेले तं शकुबाई म्हणे, "तुमची जीभ झडली काहून नाही?"

मी तिच्यावर ओरडलो. सवयीनं.

दहा दिवसांनी नयन घरी आला, काठी टेकत, पायाले पट्टा. माहं ते बोलणं त्यानं स्टँडवरच पाह्यलं होतं, कोणीतरी कौतुकानं दाखवलं म्हणे. मी वाट पाहत होतो की तो काही बोलन. त्यानं आईच्या हातची भाकर खाल्ली, ठेचा मागून घेतला, झोपला. मी दुकानात दोनदा गज खाली पाडला.

रविवारी गावानं सत्कार ठेवला. चौकाचौकात बॅनर लागले, त्याच्यावर त्याचा तोच फोटो, वाकलेला, हात कपाळाले. खाली माहा फोटो, पासपोर्टवाला. एक हॉल घेतला होता, तो पुरा भरला. पाहुणे बोलले, पदकं येतात अन् जातात, संस्कार राह्यतात. टाळ्या. मंग मले शाल, नारळ अन् काचेचं सन्मानचिन्ह, त्याच्यावर लिहिलेलं, आदर्श पिता. नयनलेही तसंच एक देलं, अन् माईक त्याच्या हातात ठेवला.

तो बोलणारा पोरगा नाही. काठीवर भार देऊन उभा राह्यला, एकदा खाली पाह्यलं. मंग म्हणे, "तुम्ही सगळे म्हणता मी त्या खेळाडूचा मान राखला. मी नाही राखला. मले तो दिसलाही नाही. पाय लागला अन् मले एवढंच वाटलं की आता बाबा मारतील."

हॉल खो खो हासला. पाहुणे हासले, समोरच्या बाया तोंडाले पदर लावून हासल्या, मागं पोट्ट्याईनं शिट्ट्या मारल्या. सगळ्याईले वाटलं, काय गंमतीनं बोलते पोरगा, किती साधा! तो हासत नव्हता. हासू थांबाची वाट पाहत उभा होता, त्याले अजून काही बोलाचं होतं. पण हासूच्या पाठोपाठ टाळ्या आल्या अन् कोणी तरी त्याच्या हातातून माईक घेतला. अन् सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. मीही हासलो. त्या टाइमचा फोटो आहे, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलता. अंगावर शाल, हातात काच, अन् दात काढून हासून राह्यलो.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून दुकानात आला. गिऱ्हाईकाच्या बाकड्यावर बसला, पट्ट्याचा पाय लांब करून. मी बॉबीनमध्ये दोरा भरत बसलो. भरलेल्याच बॉबीनवर भरत होतो.

मी म्हणलं, "टाच काय म्हणते?"

"संपली."

"असं कसं संपली? नागपूरले दुसरा डॉक्टर पाहू. मुंबईले जाऊ. अजून एक खेप पळ."

"नाही बाबा, सोडलं मी. युनिटमध्ये कळवूनही टाकलं."

रस्त्यावरून कोणी तरी "नयनभाऊ!" म्हणून ओरडत गेलं, त्यानं हात वर केला. मंग तो बोलला. इतकं लंबं तो माह्याशी कधी बोलला नव्हता, म्हणून मले शब्द न् शब्द पाठ आहे.

"चौथा आलो त्याचं नाही वाटत, बाबा. आठवाही आलतो मी. पण त्या दिवशी मी जन्मातलं सगळ्यात चांगलं पळून राह्यलो होतो. टाच दुखत नव्हती. काहीच दुखत नव्हतं. पहिल्यांदा असं वाटून राह्यलं होतं की आता मोठा झालो मी, आता आपल्याले कोणी धरू शकत नाही. अन् पाय लागला, तं मी पुन्हा नऊ वर्षांचा झालो. सगळ्या जगासमोर."

त्याचा आवाज चढला नव्हता. रागावला असता तं मी वरचढ ओरडलो असतो, मले ते जमते. हे मले जमेना. मी काय म्हणलं माहीत आहे? मी म्हणलं, "चहा सांगू काय?" तो नाही म्हणला, काठी घेऊन उठला. मंगळवारी सकाळच्या एसटीनं गेला. स्टँडवर मी बॅग उचलाले गेलो तं त्यानं ती आधीच खांद्याले लावली होती.

आता तो युनिटमध्ये स्टोअरले बसते, जोडे अन् गणवेश वाटते. आईले फोन करते. अपेक्षाले करते. त्याईलेच माहं विचारते म्हणे, बाबा बरे आहेत ना, म्हणून. मी दुकान उघडलं की आधी मोबाईलवर ती शर्यत लावतो. रोज. दोनशे मीटर राह्यले की मी सांगतो त्याले, मोठ्यानं सांगतो, "वाकू नको रे बावा, पळ, मी काही करत नाही." अक्षयले वाटते मी सटकलो. तो वाकतेच. मंग मी पुन्हा मागं घेतो.

एक दिवस शकुबाई डबा घेऊन आली अन् तिनं ते ऐकलं. दारातच उभी राह्यली. म्हणे, "बैल गेला अन् झोपा केला. मोबाईलशी कायले बोलता? ज्याच्याशी बोला लागते त्याच्याशी बोला ना." अन् तिनं तिच्या मोबाईलवरून नंबर लावून तो माह्या हातात देला अन् डबा ठेवून निघून गेली.

त्यानं उचलला. "बोल आई."

"मी आहे," मी म्हणलं.

"बोला बाबा."

मी पाण्याचं बोललो. यंदा कळंबात नळ तीन दिवसांनी येते, ते सांगतलं. अपेक्षाच्या परीक्षेचं सांगतलं. तो हं हं करत होता. मंग माहं सांगाचं सरलं. दुकानात कोणी नव्हतं. मी म्हणलं, "नयन, माहं चुकलं. त्या दुपारी तुले मारलं ते चुकलं. पन्नास वेळा वाकवलं ते चुकलं. अन् त्याच्यावर शाल घेतली, ते तं लयच चुकलं."

आता तो म्हणन, जाऊ द्या बाबा. पोरं असंच म्हणतात बापाले. मीही माह्या बापाले आयुष्यभर तेच म्हणलं. मी त्याचीच वाट पाहत होतो, खोटं कायले बोलू. तिकडे त्याच्या मागं कोणी तरी खोके सरकवत होतं, त्याचा आवाज येत होता.

मंग म्हणे, "हाव बाबा. चुकलं."

राग नव्हता त्यात. जाऊ द्या नव्हतं, काही हरकत नाही नव्हतं. नुसतं जे होतं ते सांगतलं त्यानं, माणूस माणसाले सांगते तसं. मी मशीनवर डोकं टेकवलं. गिऱ्हाईकाचं अस्तर ओलं झालं तं झालं. माह्या पोरानं मले न भिता देलेलं ते पहिलं उत्तर होतं, अन् त्याच्यासाठी त्याचं पदक जा लागलं.